यादीतली तळी, यादीबाहेरचे ओढे

भूतानच्या नकाशावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ रेघ ओढली, तर ती जेमतेम १७० किलोमीटर भरते. या रेघेचे खालचे टोक समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटर उंचीवर, आसाम-बंगालला लागून असलेल्या सुपारीच्या बागांत असते. वरच्या टोकाकडे गांगखार पुएनसुम हे ७,५७० मीटर उंचीचे शिखर आहे. त्यावर आजवर कुणीही चढलेले नाही, आणि सरकारने गिर्यारोहणावर बंदी घातलेली असल्याने सध्या कुणी चढणारही नाही. मधल्या पट्ट्यात आधी संत्री लागतात, मग भात, मग बटाटा आणि कुट्टू, मग याकचे कळप, आणि शेवटी नुसता दगड आणि बर्फ. दक्षिणेच्या पायथ्याशी काही ठिकाणी वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. थिम्फू-पारोच्या आतल्या खोऱ्यांत तोच सहा-सातशेवर येतो. क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर आणि २०१७ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ७,२७,१४५.

एवढ्या थोड्या माणसांसाठी, अशा उभ्या देशात, बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची राष्ट्रीय योजना कशी आखतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय ऐकायला कोरडा आहे. सरकारी आराखडे, निधीचे अर्ज, आंतरराष्ट्रीय परिषदांची लांबलचक नावे. पण या कागदांमागे अतिशय साधे आणि अवघड प्रश्न आहेत. हातात मोजका पैसा आहे, मोजकी माणसे आहेत, कामाला मिळणारे महिनेही मोजके आहेत. मग आधी काय करायचे? बर्फाच्या तळ्याचा बांध सावरायचा, की गावाचा आटलेला झरा? भाताचे नवे वाण शोधायचे, की घाटातला सरकता रस्ता धरून ठेवायचा? श्रीमंत देश या सगळ्यांवर एकदम खर्च करू शकतात. भूतानला क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावला की कुणीतरी शेवटी राहतेच.

हा क्रम मुळात कसा ठरला, हे समजायचे तर १९९४ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी ७ ऑक्टोबरला उत्तरेकडच्या लुनाना भागात लुग्ये त्सो नावाचे हिमनदीचे तळे फुटले. पावसाळा सरत आला होता, खाली नदीकाठी पूर येईल असे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. फो छू नदीतून पाणी, चिखल, ओंडके आणि दगड यांचा लोंढा सुमारे नव्वद किलोमीटर खाली पुनाखापर्यंत आला. २१ माणसे दगावली. नदीकाठची शेते गाळाखाली गेली. फो छू आणि मो छू यांच्या संगमावर १६३७ साली शब्दरुंग न्गावांग नामग्याल यांनी बांधायला घेतलेल्या पुनाखा झोंगचेही नुकसान झाले. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी एकत्र नांदणारी वास्तू. थिम्फू राजधानी होण्याआधी देशाचा कारभार पुनाख्यातूनच चाले, आणि आजही राज्याच्या धर्मप्रमुखांचा हिवाळ्यातला मुक्काम तिथेच असतो. दूर कुठेतरी वर वितळणारा बर्फ थेट देशाच्या जुन्या राजधानीच्या दारात येऊन धडकला होता.

असे तळे तयार कसे होते? हिमनदी पुढे सरकताना दगडमातीचा ढीग आपल्यापुढे आणि दोन्ही बाजूंना रचत जाते. हवा तापू लागली की ती मागे हटते आणि ढीग जागच्या जागी राहतो. हिमनदी आणि तो ढीग यांच्यामधल्या खळग्यात वितळलेले पाणी साचू लागते. सुरुवातीला बर्फाच्या पाठीवर छोटी छोटी डबकी दिसतात, मग ती एकमेकांना मिळतात, आणि काही दशकांत किलोमीटर-दोन किलोमीटर लांबीचे तळे उभे राहते. या तळ्याचा बांध कुणी बांधलेला नसतो. तो सैल दगडमातीचा असतो आणि त्याच्या पोटात अनेकदा जुना बर्फ गाडलेला असतो. तोही हळूहळू वितळतो, बांध खचतो. कधी वरून कडा कोसळून तळ्यात लाट उठते, कधी भूकंपाने बांधाला भेग पडते. पाण्याला एकदा वाट मिळाली की ते स्वतःच ती रुंद करत जाते आणि काही तासांत तळे रिकामे होते.

काठमांडूस्थित ‘इसिमोड’ या संस्थेने २००१ साली भूतानमधल्या २,६७४ हिमतळ्यांची नोंद केली आणि त्यांतली २४ संभाव्य धोक्याची ठरवली. पुढे भूतानच्या राष्ट्रीय जलविज्ञान व हवामान केंद्राने २०१९ मध्ये नव्याने तपासणी करून हा आकडा १७ वर आणला. त्यांतली निम्म्याहून अधिक तळी फो छूच्याच खोऱ्यात आहेत. पण कोणते तळे सर्वांत आधी, याबद्दल फारसे दुमत नव्हते. लुनानातच लुग्येच्या शेजारी थॉर्थोर्मी नावाचे तळे वाढत होते, आणि त्याला लागून, पण पुष्कळ खालच्या पातळीवर, राफ्स्त्रेंग नावाचे दुसरे. दोघांमध्ये दगडमातीची एक भिंत, तीही झिजत चाललेली. ती फुटून वरच्या तळ्याचे पाणी खालच्यात पडले, तर दोन्ही मिळून येणारा पूर १९९४ च्या दुपटीहून मोठा असेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

नेमक्या याच काळात जागतिक वाटाघाटींत एक दार उघडले. २००१ मध्ये माराकेश येथील परिषदेत ठरले, की सर्वांत अविकसित देशांनी तातडीच्या गरजांची एक छोटी यादी करावी आणि त्या यादीतल्या कामांना मदत करण्यासाठी वेगळा निधी असावा. भूतानने आपली यादी २००६ मध्ये पुरी केली. त्या दस्तऐवजात मोजकेच प्रकल्प आहेत: थॉर्थोर्मीची पातळी उतरवणे, पुनाखा-वांगदू खोऱ्यासाठी पूर्वसूचना यंत्रणा, धोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे, शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज, दरडी आणि पूर रोखण्याची कामे, पावसाचे पाणी साठवणे, वणव्यांचे व्यवस्थापन. आज ती यादी वाचताना तिचा थेटपणा जाणवतो. धोका कुठला, ठिकाण कोणते आणि काम काय, हे पहिल्या वाचनातच कळते.

यादीतले पहिल्या क्रमांकाचे काम जगाने उचलून धरले. अविकसित देशांच्या निधीतून सुमारे ३४ लाख डॉलर मिळाले, इतर देणगीदारांनी आणि भूतानी सरकारने भर घातली, आणि २००८ मध्ये प्रकल्प सुरू झाला. भूगर्भ व खाणकाम विभागाकडे कामाची सूत्रे होती. आंतरराष्ट्रीय अहवालांत या कामाचे वर्णन एका ओळीत उरकलेले असते. प्रत्यक्षात ते काय होते, हे जरा जवळून पाहायला हवे.

लुनानाला रस्ता नाही. गाडी जिथे थांबते, तिथून कित्येक दिवस चालत, पाच हजार मीटरांच्या आसपासच्या खिंडी ओलांडून जावे लागते. तळे ४,४०० मीटरांहून उंच. जेसीबी नेणे शक्य नाही. सुरुंग लावावेत तर हादऱ्याने बांधच फुटायचा. उरली ती पहार, फावडे, हातोडा आणि दोर. दर हंगामाला तीन-साडेतीनशे माणसे वर जात. त्यांत शेतकरी होते, विद्यार्थी होते, निवृत्त सैनिक होते. तांदूळ, तंबू, अवजारे, सगळे याक आणि घोड्यांच्या पाठीवरून. बर्फाच्या पाण्यात कमरेएवढे उभे राहून दगड सैल करायचा, दोर बांधून तो ओढून काढायचा, आणि पाण्याला जाण्यासाठी वाट इंचाइंचाने खोल करायची. दगड फारच मोठा असेल तर तो फोडण्यातच दिवस जायचा. विरळ हवेत चार पावले टाकली तरी धाप लागायची. खिंडी बर्फाने बंद होण्याच्या आत खाली परतायचे, म्हणजे कामाला वर्षातून तीनच महिने. पहिल्या वर्षी, २००९ मध्ये, पाण्याची पातळी एक मीटरसुद्धा उतरली नाही. चार हंगाम खपून, २०१२ पर्यंत, ती पाच मीटरांनी खाली आली.

पाच मीटर म्हणजे थोडे की पुष्कळ? बांधावरचा दाब कमी झाला, दोन तळ्यांमधल्या भिंतीला उसंत मिळाली. तळे मात्र आहे तिथेच आहे, हिमनदी मागे हटतेच आहे, आणि शेजारी नवी डबकी वाढताहेत. २० जून २०१९ रोजी थॉर्थोर्मीच्या लगतचे एक उपतळे फुटले आणि फो छूचे पाणी चढले. या वेळी खालच्या गावांना इशारा मिळाला, लोक उंचावर गेले, जीवितहानी झाली नाही. त्यामागेही यादीतलेच एक काम होते. १९९४ नंतर बरीच वर्षे लुनानात वायरलेस घेऊन बसलेली माणसे तळ्यांवर नजर ठेवत आणि खाली निरोप देत. २०११ पासून तिथे आपोआप चालणारी मोजमापाची यंत्रे आहेत आणि नदीकाठी भोंगे. पुनाख्याच्या शाळेतली मुले भोंगा वाजला की कुठे पळायचे, हे शिकत मोठी होत आहेत.

इथवरची हकिकत यशाची म्हणता येते, आणि अनेक अहवाल तिथेच थांबतात. हे पुस्तक तिथे थांबत नाही.

हिमतळे हा बोलका धोका आहे. त्याला नाव असते, उपग्रहाच्या छायाचित्रात तो दिसतो, त्याची खोली मोजता येते, आणि तो फुटला की सगळ्या जगाला कळते. म्हणून त्यासाठी पैसा उभा करणे त्या मानाने सोपे जाते. पण १६ जून २०२१ रोजी लाया भागात जे घडले, ते कुठल्याच हिमतळ्यामुळे नव्हते. यार्सा गुम्बू ही महागडी औषधी बुरशी गोळा करायला डोंगरावर मुक्कामाला गेलेल्या लोकांच्या तळावर रात्री पावसाने आलेला लोंढा आदळला आणि दहा जण मेले. २० जुलै २०२३ ला ल्हुएन्त्सेमध्ये युंगिछू जलविद्युत प्रकल्पाची कामगार-वस्ती अशाच अचानक आलेल्या पुराने वाहून गेली. २३ माणसे त्यात गेली. म्हणजे १९९४ च्या पुरापेक्षाही दोन अधिक. त्या ओढ्यावर ना मोजमापाचे यंत्र होते, ना भोंगा. धोकादायक तळ्यांच्या यादीत असा ओढा येणे शक्यच नव्हते.

असे ओढे देशात हजारोंनी आहेत. प्रत्येकावर भोंगा बसवता येणार नाही. पावसाचा अंदाज तरी नेमका देता येतो का? तिथे डोंगर आडवा येतो. एका दरीत मुसळधार आणि पलीकडच्या उतारावर ऊन, असे नेहमी घडते. हवामानाची बरीचशी केंद्रे दऱ्यांच्या तळाशी, रस्त्याच्या जवळपास आहेत आणि बहुतेकांच्या नोंदी काही दशकांच्याच. जगाच्या हवामानाची संगणकी प्रतिमाने ज्या चौकटींत पृथ्वी विभागतात, त्यांतल्या एकेका चौकटीत भूतानच्या कित्येक दऱ्या आणि शिखरे एकत्र कोंबली जातात. तापमान वाढणार, याबद्दल या प्रतिमानांत एकमत आहे. पाऊस कुठे, कधी, किती बदलेल, यावर नाही. नियोजन करणाऱ्याला या अनिश्चिततेसकटच निर्णय घ्यावा लागतो.

मुके धोके याहून अवघड. दरडोई पाण्याच्या उपलब्धतेत भूतान जगातल्या आघाडीच्या देशांत मोडतो. पण हे पाणी खोल दरीच्या तळाशी नदीतून धावत असते आणि गाव असते वर उतारावर. गावाची तहान भागवतो तो झरा. सरकारने सात हजारांहून अधिक पाण्याच्या स्रोतांची पाहणी केली, तेव्हा त्यांतले सुमारे पाव स्रोत आटत चालल्याचे आढळले. झरा आटला की बातमी होत नाही. घरातली बाई पाण्यासाठी आणखी अर्धा तास चालते, भाताच्या खाचरात मक्याचे पीक येते, आणि पाच-दहा वर्षांनी त्या घराला कुलूप लागते. अशा ओस पडलेल्या घरांना भूतानमध्ये गुंगतोंग म्हणतात आणि त्यांची मोजणी हा आता सरकारी चिंतेचा विषय आहे. त्यांतली किती घरे पाण्यामुळे ओस पडली, किती रानडुकरांमुळे आणि किती थिम्फूतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या नोकरीमुळे, हे वेगवेगळे काढून दाखवणे जवळजवळ अशक्य.

शेतीचेही तसेच. लागवडीखालची जमीन देशाच्या क्षेत्रफळाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, आणि तिच्यावर पोट भरणारी माणसे मात्र पुष्कळ. भूतानमध्ये सुमारे २,६०० मीटर उंचीपर्यंत भात होतो. पारो-थिम्फूच्या थंड खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांना करपा रोगाची फारशी धास्ती नव्हती. १९९५ मध्ये तो साथीसारखा पसरला आणि उभी पिके गेली. मग नेपाळहून छुम्रो नावाचे वाण आणून लावले गेले, नवी प्रतिकारक वाणे तयार केली गेली, आणि गाडी रुळावर आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसरेच संकट आले. कापून शेतात वाळत टाकलेल्या भातावर अवेळी संततधार पडली आणि घरात यायचे धान्य शेतातच कुजले. त्यावर वाण बदलून काय होणार? तिथे हवामानाचा वेळेवर पोचलेला अंदाज हवा, मळणीला यंत्र हवे, झाकायला ताडपत्री हवी, आणि नुकसान झालेच तर विम्याचे पैसे हवेत. म्हणजे हवामान खाते, कृषी खाते आणि अर्थ खाते या तिघांनी एकाच आठवड्यात हालचाल करायला हवी.

यावर कुणी म्हणेल, हवा तापते आहे तर शेती थोडी वर सरकवावी. ती सोय भूतानने स्वतःहून सोडलेली आहे. देशाच्या २००८ च्या राज्यघटनेने किमान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली ठेवण्याचे बंधन घातले आहे. प्रत्यक्षात जंगल ७० टक्क्यांच्या आसपास आहे आणि निम्मा देश राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि त्यांना जोडणारे पट्टे यांत मोडतो. याच जंगलामुळे भूतान जितका कार्बन हवेत सोडतो, त्याहून अधिक शोषून घेतो. २००९ मध्ये त्याने ही स्थिती कायम राखण्याचे वचनही जगाला दिले. हिमनद्यांना या पुण्याईचा उपयोग नाही. इसिमोडच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा बर्फ आधीच्या दशकाच्या तुलनेत २०११ ते २०२० या काळात ६५ टक्के अधिक वेगाने घटला. तो वितळवणाऱ्या धुरात भूतानचा वाटा नगण्य आहे. जंगल राखायचे आणि त्याच जंगलातून आलेल्या रानडुकरांपासून मका वाचवायला रात्रभर जागायचे, हा ताण मात्र खेड्यातल्या शेतकऱ्याने सोसायचा.

विजेचा प्रश्न तर थेट तिजोरीशी जोडलेला आहे. चुखा ३३६ मेगावॉट, ताला १,०२० मेगावॉट, २०१९ मध्ये सुरू झालेला मांगदेछू ७२० मेगावॉट. हे प्रकल्प भारताच्या मदतीने उभे राहिले आणि त्यांची वीज भारतात विकून येणारा पैसा हा सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार आहे. हे बहुतेक प्रकल्प वाहत्या नदीवर चालतात, पाण्याचा मोठा साठा त्यांच्याकडे नसतो. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की वीजनिर्मिती क्षमतेच्या अगदी थोड्या हिश्श्यावर येते आणि भूतानला भारताकडून वीज विकत घ्यावी लागते. बर्फ आणि हिमनद्या कमी झाल्यावर उन्हाळा-हिवाळ्यातली ही तफावत कशी बदलेल, हे सांगणे कठीण. त्यात लुनानातून उतरणाऱ्या नदीवर, वांगदूच्या खाली, पुनात्सांगछूचे दोन मोठे प्रकल्प आहेत. पहिल्याच्या जागी जुलै २०१३ मध्ये उजव्या काठचा डोंगर सरकला आणि काम दशकभर रखडले. वर हिमतळी आणि खाली धरणे असलेल्या खोऱ्यात काय होऊ शकते, ते शेजारच्या सिक्कीमने ऑक्टोबर २०२३ मध्ये पाहिले. दक्षिण ल्होनाक तळे फुटले आणि चुंगथांगचे १,२०० मेगावॉट प्रकल्पाचे धरण वाहून गेले. ते तळे धोक्याचे आहे हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. २०१६ मध्ये पाइप टाकून त्यातले पाणी उपसण्याचा प्रयत्नही झाला होता.

आरोग्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून एवढे नोंदवून ठेवू: भूतानमध्ये डेंगीची पहिली साथ २००४ साली फुएन्त्शोलिंगला, भारताच्या सीमेवरच्या गावात आली. २०१९ मध्ये ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर उसळली.

हे सगळे समोर ठेवले, की २००६ ची तातडीची यादी आणि आज लागणारी योजना यांतला फरक दिसू लागतो. यादीतले काम संपते. तळे पाच मीटर उतरले की अहवाल लिहून फाइल बंद करता येते. झऱ्याचे, वाणाचे, घाटरस्त्याचे काम असे संपत नाही. ते दरवर्षीच्या अंदाजपत्रकात, प्रत्येक झोंगखागच्या म्हणजे जिल्ह्याच्या आणि प्रत्येक गेवोगच्या म्हणजे गावगटाच्या कामात मुरावे लागते. २०१० च्या कानकुन परिषदेत राष्ट्रीय अनुकूलन योजनांची प्रक्रिया ठरली, तिचा हेतू हाच होता: सुटे प्रकल्प नकोत, दीर्घ पल्ल्याचे नियोजन हवे. भूतानने हरित हवामान निधीच्या आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ते काम हाती घेतले आणि २०२३ मध्ये आपली राष्ट्रीय अनुकूलन योजना जाहीर केली. पाणी, शेती, जंगल व जैवविविधता, वस्त्या, आरोग्य, ऊर्जा अशी तिची व्याप्ती आहे.

भूतानला नियोजन नवे नाही. १९६१ पासून तिथे पंचवार्षिक योजना आहेत आणि नव्या धोरणांना सकल राष्ट्रीय आनंदाच्या कसोटीतून जावे लागते. गावपातळीवर सभा होतात, कामांचे प्राधान्य ठरते. हा सांगाडा हवामानाच्या कामाला उपयोगी आहे. अडचण आहे ती माणसांची. २०२२ च्या प्रशासकीय फेररचनेत जुना राष्ट्रीय पर्यावरण आयोग आणि सकल राष्ट्रीय आनंद आयोग, दोन्ही गेले आणि त्यांची कामे वेगवेगळ्या खात्यांत वाटली गेली. याच सुमारास शिकलेले तरुण, त्यांत सरकारी अधिकारीही, मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले. एवढ्याशा देशात एका अनुभवी जलतज्ज्ञाने राजीनामा दिला तर अख्ख्या खोऱ्याची माहिती त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्या बाजूला, देसुंग या केशरी गणवेशातल्या स्वयंसेवक दलाने कोविडनंतर गावोगाव पाणीपुरवठ्याची कामे उभी केली. नळ घालताना त्यांनी कुठल्याच आंतरराष्ट्रीय आराखड्यातला शब्द वापरला नाही, पण त्या गावांपुरते जुळवून घेणे म्हणजे तेच होते.

आणि पैशाचा प्रश्न. १३ डिसेंबर २०२३ रोजी भूतान अविकसित देशांच्या गटातून अधिकृतपणे बाहेर पडला. शिक्षण, आरोग्य आणि उत्पन्न यांतली ती अनेक दशकांची कमाई आहे आणि देशात तिचा अभिमान आहे. पण ज्या निधीतून थॉर्थोर्मीचे काम झाले, तो निधी फक्त अविकसित देशांसाठी आहे. नव्या कामांसाठी ते दार आता बंद. इतर निधींत अतिदुर्बल देशांसाठी राखलेल्या वाट्यावरचा हक्कही सैल झाला. योजना तयार झाली ते वर्ष आणि मदतीचे हे दार मिटले ते वर्ष एकच. दरडोई उत्पन्न वाढले म्हणून हिमनदीचा वेग कमी होत नाही, ही तक्रार भूतानची एकट्याची नाही. गटातून बाहेर पडणारे आणि पडू पाहणारे अनेक देश ती करतात.

मराठी वाचकाने हे कशासाठी वाचावे? दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी पर्यटक फुएन्त्शोलिंगच्या कमानीतून भूतानमध्ये शिरतात आणि पुनाखा झोंगसमोर छायाचित्रे काढतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. जुलै २०१४ मध्ये माळीण, जुलै २०२१ मध्ये तळिये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते. सह्याद्री आणि हिमालय यांची जात वेगळी, वय वेगळे, खडक वेगळा. पण यादी कोण करते, ती कधी तपासली जाते, आणि यादीबाहेरच्या वस्तीपर्यंत इशारा कसा पोचतो, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

पुस्तकाची रचना या प्रश्नांना धरून केली आहे. पहिल्या भागात बोलके धोके आहेत: हिमतळी, पूर, दरडी, आणि त्यांची मोजमापे कशी होतात याचे तपशील. दुसऱ्या भागात झरे, शेती, आरोग्य आणि ओस पडणारी घरे. तिसरा भाग वीज आणि तिजोरीचा. चौथा भाग निधी, खाती आणि गेवोगच्या बैठका यांच्याविषयी आहे. कागदपत्रांचा कंटाळा असलेल्या वाचकाने तो शेवटी वाचला तरी चालेल, पण वगळू नये, कारण पहिल्या तीन भागांत वाचलेल्या कामांपैकी कोणते पुढच्या पाच वर्षांत होईल आणि कोणते मागे राहील, याचा निकाल तिथे लागतो. भूतानची तेरावी पंचवार्षिक योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली आणि जून २०२९ मध्ये संपेल. २०२३ च्या योजनेतल्या किती कामांना तिच्या अंदाजपत्रकात खरोखर रक्कम मिळते, भोंग्यांच्या देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून होतो, आणि ल्हुएन्त्सेसारख्या बिनभोंग्याच्या ओढ्यांकाठी कामगार-वस्त्या उभारताना परवानगी देणारा अधिकारी आता काय तपासतो, या तीन गोष्टींवर वाचकाने लक्ष ठेवले तर पुढचे सगळे तपशील आपापल्या जागी बसतील.